लेथची बैठक

चष्मेवाल्याने टेबलाचे पाय दोन्ही हातांनी कवटाळून धरले होते, तरी लेथ दाराच्या दिशेने निघालाच. वर लावलेला ओबडधोबड ओंडका गरगरत होता, टेबल थाडथाड उड्या मारत होतं आणि त्याला धरून जमिनीवर बसलेला चष्मेवालाही फरशीवरून वीतभर पुढे सरकला. सासऱ्यांनी बटण बंद केलं.

"जावईबापू, तुम्ही उठा. कपडे खराब होतील."

"पण बाबा, लेथ सटकला असता ना!"

"सटकून जाईल कुठे? जाऊन जाऊन अंगणात."

सासरे जन्माचे कातारी. लाकूड गरागरा फिरवत ठेवायचं आणि पटाशी टेकवून त्यातून खुर्च्यांचे पाय, जिन्याचे खांब, बुद्धिबळाच्या सोंगट्या काढायच्या, यातच त्यांची हयात गेली होती. दुकानाची जागा मालकाने परत मागितली तेव्हा लेथ टेंपोत घालून ते लेकीकडे आले, तेही ‘गिऱ्हाईक मिळेपर्यंत’ अशा बोलीवर. लेथ विकला की ते पुन्हा आपल्या खोलीवर जाणार होते. त्यांचे कपडे अजून बॅगेतच होते आणि दाढीचं सामान एका पिशवीत तोंड बांधून खिडकीत ठेवलेलं होतं.

चष्मेवाल्याला मात्र त्यांनी जायला नको होतं. त्याला म्हातारा आवडायचा, एवढीच गोष्ट. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून घरी यावं, तर मागच्या खोलीतून ताज्या लाकडाचा वास यायचा आणि घर भरल्यासारखं वाटायचं. सासरे त्या उंच जिन्यावरच्या खोलीत एकटेच जेवायला बसलेत, हे चित्र त्याच्या मनातून जात नसे. पण तसं बोलायची सोय नव्हती.

"राहा राहा म्हणून आग्रह केलात ना, तर उद्याच निघतील," बायकोने बजावून ठेवलं होतं. "मी त्यांना जन्मापासून ओळखते. कोणी आग्रह केला की त्यांना वाटतं, आपण ओझं झालोय."

म्हणून त्याने डोकं चालवलं. लेथला एक भरभक्कम बैठक करायची. नुसतं स्टँड नाही, चांगलं खणांचं, हत्यारं ठेवायला जागा असलेलं, जागचं न हलणारं कपाट. एकदा लेथ ठाम उभा राहिला की म्हाताऱ्याचे हात कामाला लागतील आणि गिऱ्हाइकाची गोष्ट आपोआप मागे पडेल. जेवताना त्याने हळूच विषय काढला.

सासऱ्यांचा चेहरा उजळला. "वा, जावईबापू! काय सुचलंय तुम्हाला! बैठकीसकट लेथ म्हटल्यावर गिऱ्हाईक उभ्याउभ्या उचलेल."

चष्मेवाल्याच्या घशात घास अडकला. पाण्याचा पेला पुढे सरकवताना बायको ओठ दाबून हसत होती.

आता माघार घेणं शक्य नव्हतं. चष्म्याच्या दुकानातलं जुनं लाकडी काउंटर अडगळीत पडलं होतं, ते वरच्या फळीसाठी निघालं. बाकीच्यासाठी जाड प्लायवुड आलं. मग मापाचा प्रश्न आला. कातारी उभा राहिला की लेथचा मधला दांडा त्याच्या कोपराच्या उंचीवर यायला हवा, नाहीतर संध्याकाळी पाठ बोलायला लागते.

"गिऱ्हाइकाचं कोपर आत्ता कुठून आणायचं?" चष्मेवाला साळसूदपणे म्हणाला. "तुमचंच धरू या."

सासरे हात काटकोनात दुमडून पुतळ्यासारखे उभे राहिले. चष्मेवाल्याने टेप लावली, वाकून पाहिलं, पुन्हा लावली. डोळ्यांमधलं अंतर मोजायची सवय असलेला माणूस तो, केसाचाही फरक त्याला चालायचा नाही. टेपचं खालचं टोक सासऱ्यांनीच पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरलं होतं. त्या मापावर त्यांनी बाजू कापल्या, दोन-दोन थर चिकटवून जाड केल्या, आडव्या फळ्या बसवल्या आणि सांगाडा उभा केला. तो बरोबर सासऱ्यांच्या कोपराला लागला. चष्मेवाला अभिमानाने मागे सरून उभा राहिला.

सासऱ्यांनी सांगाड्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या लेथकडे पाहिलं. मग पुन्हा सांगाड्याकडे.

"अरे गाढवा!" ते कडाडले. "लेथला स्वतःची उंची नाही का? तो ह्याच्यावर बसवला तर दांडा माझ्या हनुवटीला लागेल! शिडी लावून कातू का मी?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या तोंडून ‘जावईबापू’शिवाय दुसरा शब्द कधी निघाला नव्हता. त्यांनी जीभ चावली.

"म्हणजे जावईबापू, मला असं म्हणायचं होतं..."

"नाही नाही, बाबा, बरोबर बोललात!"

आवाज ऐकून बायको धावत आली. "काय झालं?"

"बाबा मला गाढव म्हणाले!" चष्मेवाल्याने बढती मिळाल्यासारखं सांगितलं.

"बाबा, ओळखायला इतकी वर्षं लावलीत?" असं म्हणून ती आत निघून गेली.

सासरे आधी नुसते खाकरले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग दोघंही त्या चुकीच्या सांगाड्याला धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. टेपचं टोक आपणच धरलं होतं, हेही सासऱ्यांनी कबूल केलं. लेथच्या उंचीइतकं लाकूड त्यांनी चारही बाजूंनी कापून काढलं आणि त्याच पट्ट्या वरच्या फळीखाली चिकटवून ती दुप्पट जाड केली. त्या दिवसापासून मागच्या खोलीत ‘जावईबापू’ हा शब्द बंद झाला. "अरे, धर इकडे." "अरे, पाना दे." "अरे, झोपलास का?" चष्मेवाल्याला हे सगळं गोड लागायचं.

बैठकीच्या तळाशी वाळूची पेटी करायची होती. वाळू थरथर गिळते, असं सासरे म्हणाले. चष्मेवाल्याला थरथरीपेक्षा वजनात जास्त रस होता, त्यामुळे तो एक पोतं म्हटलं की दोन आणत गेला. ओली वाळू आत टाकली तर लाकूड फुगेल, म्हणून ती गच्चीवर चादरींवर पसरून वाळवावी लागली. घरात जिथे तिथे वाळू झाली. चहाच्या कपाच्या तळाशी वाळू, उशीत वाळू.

"लोक पापड वाळवतात, आमच्याकडे वाळू वाळवतात," बायको शेजारणीला सांगत होती. पण चाळणीने चाळून द्यायलाही तीच बसत होती.

पेटीला मागच्या बाजूने, जमिनीलगत, एक झडप करायचा आग्रह सासऱ्यांचा.

"कशाला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"नेताना वाळू काढता यायला नको? नाहीतर हे धूड उचलायला हत्ती आणावा लागेल."

चष्मेवाल्याचा सगळा भरवसा त्या हत्तीवरच होता. "सरळ चिकटवूनच टाकू या ना पेटी," त्याने सुचवून पाहिलं.

"छे! विकायची वस्तू आहे. स्क्रू लाव चांगले."

त्याने निमूटपणे भोकं पाडली आणि स्क्रू लावले. आपल्याच पायावर आपण धोंडा पाडून घेतोय, हे त्याला कळत होतं.

लेथ बैठकीवर बसला, बोल्ट आवळले गेले, तोच उनाड ओंडका वर चढला. सासऱ्यांनी बटण दाबलं. चष्मेवाला सवयीने खाली वाकला, पण धरायला काही उरलंच नव्हतं. फळीवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. सासऱ्यांनी पटाशी टेकवली आणि लाकडाची लांबच लांब साल त्यांच्या हातावरून वाहत खाली आली. ते शीळ घालत होते. त्यांना शीळ घालता येते हे लेकीलाही माहीत नव्हतं.

मग त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या कपाटांना नवीन मुठी केल्या. त्या संपल्यावर शेजारच्या घरातल्या केल्या. हत्यारं खणांमध्ये रांगेने झोपली. चष्मेवाल्याच्या जिवात जीव आला होता, आणि तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला.

गिऱ्हाईक म्हणजे एक उंच, घाईतला फर्निचरवाला. त्याने लेथ चालवून पाहिला, कान लावून ऐकला, बैठकीवर थाप मारली.

"इतका शांत लेथ मी पाहिला नाही. घेतला! पण बैठकीसकट हं, नुसता लेथ घेऊन मला त्याचा नाच नाही बघायचा. आजच नेतो. माणसं घेऊनच आलोय."

खांद्यावरच्या फडक्याने सासरे लेथचा आधीच स्वच्छ असलेला दांडा पुसत राहिले. चहाचा ट्रे घेऊन आलेली बायको दारातच थांबली. चष्मेवाल्याला नवऱ्या मुलीच्या बापासारखं वाटत होतं, हसताही येईना आणि आत निघूनही जाता येईना.

दोन दांडगी माणसं पुढे झाली. त्यांनी बैठकीला खांदा लावला, "हां, चल!" केलं, लाल झाली आणि सरळ उभी राहिली. बैठक तसूभर हलली नव्हती.

"आत काय भरलंय हो?"

"वाळू," सासरे म्हणाले.

"मग काढा की!" फर्निचरवाला म्हणाला.

"काढतो ना. मागे झडप आहे."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि भिंत आणि बैठक यांच्यामधल्या बोळकांडीत पालथे शिरले. "अरे, बॅटरी धर जरा."

चष्मेवाला त्यांच्याशेजारी आडवा झाला. त्याने बॅटरी धरली, पण त्याला तिकडे बघवेना. सासरे कण्हत होते. त्यांच्या मानेची शीर टरारून फुगली होती.

"निघतोय का?" पलीकडून आवाज आला.

"घट्ट बसलाय हो!"

तेव्हा कुठे चष्मेवाल्याने नीट पाहिलं. दिवसभर चष्म्यांचे मोहरीएवढे स्क्रू काढणारा-घालणारा माणूस तो, त्याला एका नजरेत कळलं. सासरे स्क्रू उजवीकडे फिरवत होते. दात-ओठ खाऊन, सगळा जोर लावून, उजवीकडे आवळत होते.

बॅटरीचा उजेड थोडा हलला.

"नीट दिसतंय ना रे?" सासऱ्यांनी त्याच्याकडे न बघता विचारलं.

"दिसतंय, बाबा."

"मग तूच बघ बरं जरा. माझ्या हातात आता पूर्वीसारखा जोर नाही राहिला."

चष्मेवाल्याने बॅटरी त्यांच्या हातात दिली आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक खाचेत नीट बसवलं, श्वास घेतला आणि मनगट मोडेल इतक्या ताकदीने तो उजवीकडे फिरवला.

"नाही हो," त्याने ओरडून सांगितलं. "अजिबात हलत नाहीये!"

मग, कोणी न सांगता, त्याने शेजारचा स्क्रू आवळायला घेतला.