एकच बातमी साठ वेळा

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. घरात टीव्हीमागे लुकलुकणारी डबी नव्हे, चांगला कपाटाएवढा, पंख्यांनी घोंघावणारा. एका कुरिअर कंपनीत कामाला आहे. साठ राऊटर माझे शेजारी, बहुतेक आमच्याच शाखांमधले. संगणकांचे निरोप ज्या मार्गांनी जातात, त्यांतला कुठला तुटला, कुठला जुळला, ही बातमी मी त्यांना कळवतो. नव्या वाटेवर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निरोप भलत्याच वाटेने भटकतात.

तरुणपणी शेजारी सहाच होते, तेव्हा माझं काय ते कौतुक! साठ झाले आणि मी बदनाम झालो. कुणाला काय सांगायचं याचे नियम प्रत्येकासाठी पुन्हा तपासायचे, पत्र पुन्हा लिहायचं. मजकूर मात्र कानामात्रेसकट तोच. लग्न ठरलं की आत्या प्रत्येक नातेवाइकाला फोन करून पहिल्यापासून सगळं सांगते ना, तस्सं. साठाव्याला फोन लागेपर्यंत लग्न मोडलेलं असायचं.

एक दिवस साहेब म्हणाले, "हा म्हातारा एका बातमीला पाच मिनिटं घेतो. भंगारात काढा."

माझे पंखे थांबायचेच बाकी होते.

माझी देखभाल करणारी ताई म्हणाली, "तो मंद नाही हो साहेब. आपणच त्याला एक गोष्ट साठदा लिहायला लावतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा."

"थांबतो. नंतर रडायचं नाही."

ताईने साठही जणांचा एक गट केला. नाव ठेवलं 'घरचे'. आता नियम एकदा तपासायचे, पत्र एकदा लिहायचं आणि प्रती सगळ्यांना. मी खुशीत प्रती वाटल्या. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे आम्हाला खोके पुरवणारा; साठांतला एक राऊटर त्याचा.

"ताई, तुमच्या सगळ्या शाखांचे मार्ग आम्हाला कशाला?"

ताईने कपाळावर हात मारला. त्याला एकच मार्ग सांगायचा, असा त्याचा नियम. नियम वेगळा असणाऱ्याला गटात घ्यायचंच नसतं.

"पाहुण्याला घरचा केलात होय?" साहेब घड्याळ बघत म्हणाले.

तिने पाहुण्याला गटाबाहेर काढलं आणि मार्ग तुटावा म्हणून मुद्दाम एक वायर उपटली. मी एक पत्र लिहिलं, एकोणसाठ प्रती धाडल्या, पाहुण्याला वेगळी चिठ्ठी. वीस सेकंदांत सगळ्यांचं एकमत.

"परत उपटा," साहेब म्हणाले. परत वीस.

"बरं, राहू दे म्हाताऱ्याला. आणि ती वायर लावा आता, माझ्या संगणकाचं नेट गेलंय."

मित्रांनो, कुणाला मंद म्हणण्याआधी एवढंच बघा, तुम्ही त्याला तेच काम कितीदा करायला लावता. आणि जमलं तर त्याच्या पंख्यांवरची धूळ पुसा. गुदगुल्या होतात, पण बरं वाटतं.