कप्तान दोचेवच्या मनगटावरून

मी एक मनगटी घड्याळ. अंग पोलादी, रोज हाताने किल्ली द्यावी लागते, आणि गेल्या फेब्रुवारीपासून बंद. बंद घड्याळ काय सांगणार, असं वाटेल तुम्हाला. पण चालत होतो तोवर लोकांना वेळ सांगण्यातच माझा सगळा जन्म गेला. स्वतःबद्दल बोलायला आत्ता कुठे सवड मिळाली आहे.

माझी सुरुवातच मार खाऊन झाली. रशियातल्या एका कारखान्यात एका बाईने मला जुळवलं, किल्ली दिली, कानाशी धरून ऐकलं आणि शेजारच्या टेबलावर सरकवलं. तिथल्या माणसाने मला लाकडी हातोड्याने हाणलं. त्याचं कामच ते होतं. मार खाऊन जी थांबत ती भंगारात, जी चालत राहत ती पेटीत. मी चालत राहिलो.

बल्गेरियात रुसे गावी आलो तो ल्युबेन दोचेवसाठी. तो डॅन्यूब नदीवर मालाचे पडाव ओढणाऱ्या टगबोटीचा कप्तान होता. कप्तान होऊन दहा वर्षं झाली म्हणून बोटीवरच्या माणसांनी वर्गणी काढून मला घेतलं आणि माझ्या पाठीवर त्याचं नाव कोरून घेतलं.

कप्तान चांगला होता, पण मऊ नव्हता. एकदा दोराजवळ पहाऱ्याला बसलेला खलाशी राकिया पिऊन झोपला. पोलादी दोर ताणला गेला, तुटला आणि चाबकासारखा फिरून दुसऱ्या खलाशाचा पाय गुडघ्यापासून घेऊन गेला. कप्तानाने जखमीची मांडी आपल्या पट्ट्याने आवळली, त्याला होडीत घातलं, आणि मग झोपलेल्याला उठवून तोंडावर ठोसा मारला. तीन दात पडले. माझी काच फुटली आणि त्या माणसाचं रक्त माझ्या काट्यांवर आलं. मी कुणाला लागलोच नाही असं म्हणणार नाही. मीही लागलोय.

तेव्हा मला दुरुस्त केलं रादुलोव नावाच्या घड्याळजीने. घड्याळजी लोक दुरुस्तीनंतर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण करतात. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. रादुलोवने आपली अक्षरं आणि एक आकडा कोरला आणि तोच आकडा वहीत लिहिला. पुढे त्याची मुलगी नेवेना दुकानात बसू लागली. तिने दोनदा माझं तेलपाणी केलं आणि बापाच्या खुणेखाली आपली खूण केली.

कप्तान म्हातारा झाला. बायको गेली, मुलगी झोर्नित्सा शहरात शिकवायला गेली. तो नदीकाठच्या गावात एकटाच राहायचा. एक्क्याऐंशी वर्षांचा, पण लाकडं स्वतः फोडायचा.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी प्लामेन नावाचा माणूस दारात आला. चाळिशीचा, गोड बोलणारा. गावोगाव फिरून जुन्या वस्तू घ्यायच्या आणि इंटरनेटवर विकायच्या, हा त्याचा धंदा. कप्तानाने त्याला आत घेतलं, सूप वाढलं. जेवताना प्लामेनची नजर माझ्यावरून हलेना.

"घड्याळ द्या की आजोबा. चांगले पैसे देतो."

"हे विकायचं नाही."

"हातात ठेवून काय वर नेणार आहात?"

"नेणारच आहे. आडवा आलास तर तुलाही नेईन. सूप संपव आणि नीघ."

प्लामेन हसला आणि त्याने थट्टेत धरावं तसा कप्तानाचा हात धरला. मग थट्टा राहिली नाही. कप्तानाने दुसऱ्या हाताने वाडगा त्याच्या तोंडावर फेकला. प्लामेनने त्याला खुर्चीसकट पाडलं. म्हातारा उठला. पुन्हा पाडलं, तो पुन्हा उठला आणि त्याने माझ्यासकट मूठ त्याच्या भुवईवर हाणली. भुवई फाटली. रक्त डोळ्यांत जाताच प्लामेनचं भान सुटलं. त्याने शेगडीजवळची लोखंडी सळई उचलली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कानाच्या वर. नंतरचे मी मोजले नाहीत, मला सेकंद मोजायचे होते. कप्तानाचा हात जमिनीवर पडला तरी मी त्याच्या नाडीशी चिकटून होतो. आधी ती वेडीवाकडी पळत होती. मग माझ्या मागे पडू लागली. मग मी एकटाच चालत होतो.

प्लामेनला माझं बक्कल सुटेना. त्याने पाव कापायच्या सुरीने पट्टा कापला.

आपल्या घरी, राझग्रादला, त्याने मला साबणाने धुतलं. पाठीवरचं नाव घासून काढलं. घासताना माझ्या अंगाच्या कडा गोल झाल्या. साधी पांढरी तबकडी काढून लाल तारा आणि विमानाचा पंख छापलेली नवी काळी तबकडी बसवली. मग फोटो काढून खाली लिहिलं : 'लढाऊ वैमानिकाचं अस्सल घड्याळ. एकाच कुटुंबाच्या वापरात.' मी खरा होतो, त्याने मला खोटं केलं आणि मग खरं म्हणून विकलं.

मला घेतलं रुसेच्याच ओर्लिनने. तो बसचा ड्रायव्हर होता, आडदांड, डोक्याने तापट, पण मनात काही ठेवणारा नव्हता. त्याचे आजोबा विमानदलात होते आणि त्यांचं असलंच घड्याळ घरातून हरवलं होतं. तो मला घेऊन थेट नेवेनाच्या दुकानात गेला. तिने मला ओळखलं नाही. ओळखण्यासारखं प्लामेनने काय ठेवलं होतं?

"मावशी, एवढंच सांगा, अस्सल आहे की मला टोपी घातली?"

"आल्या आल्या निकाल नको मागूस. बैस."

नेवेना अठ्ठावन्न वर्षांची, बुटकी, कमी बोलणारी. तिने डोळ्याला भिंग लावलं आणि मला दिव्याखाली फिरवलं.

"कडा बघ. कारखान्यातून घड्याळ येतं तेव्हा कड नखाला लागते. ही साबणाच्या वडीसारखी झाली आहे. म्हणजे कुणीतरी जोर लावून घासलंय."

तिने दिवा विझवून मला ओंजळीत धरलं. "काटे चमकत नाहीत, आकडे चमकतात. चमकणारा रंग जुना झाला की विझतो. काटे जुने, तबकडी कालची. वैमानिक वगैरे सगळी थाप आहे."

ओर्लिन ताडकन उठला. "त्या माणसाचं मी थोबाड फोडतो."

"थांब, मशीन बघू दे. ते खरं असेल तर अगदीच बुडाला नाहीस."

तिने माझं झाकण उघडलं. आट्यांमध्ये तपकिरी भुकटी होती. तिला आधी गंज वाटला. मग ती स्वतःशीच म्हणाली, "पण हे पोलाद असं गंजत नाही." तिने झाकण उलटं केलं आणि बराच वेळ भिंग काढलं नाही.

"ओर्लिन, हे माझ्या बापाचं अक्षर आहे. आणि खालचं माझं." तिने जुनी वही काढून आकडा जुळवला. "हे कप्तान दोचेवचं घड्याळ. गेल्या ऑक्टोबरात त्याला घरात ठेचून मारलं. मारणारा अजून सापडला नाही. तू आता कुणाला काही बोलू नकोस. मी पोलिसांना फोन करते."

ओर्लिनने मान खाली घातली. फोन त्याच्या हातातच होता. "मावशी, मी आत्ताच लिहिलं त्याला."

"काय लिहिलंस?"

"की तबकडी खोटी आहे. की नेवेनाबाईंनी झाकण उघडलंय, आत त्यांची खूण आहे. पैसे परत दे म्हणून."

तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत. पोलिसांना फोन केला. तपास करणारा अधिकारी बाहेरगावी होता, तीनपर्यंत येतो म्हणाला. ओर्लिनची बसची वेळ झाली होती. तो जाताच तिने माझं झाकण दुसऱ्या तीस-चाळीस झाकणांबरोबर धुवायच्या पेट्रोलच्या बरणीत टाकलं आणि मला तसंच उघडं टेबलावर ठेवलं. दार लावून घ्यावं हे तिला सुचलं तेव्हा ते बाहेरून उघडलं होतं.

राझग्रादहून रुसे तासाभराचा रस्ता. प्लामेन त्याहून लवकर आला. भुवईवर पांढरा व्रण होता.

"बाई, माझं घड्याळ परत द्या. गिऱ्हाइकाला नकोय."

"ते बघ टेबलावर."

"झाकण?"

"हरवलं."

त्याने तिचा उजवा हात धरून टेबलावर दाबला. तिचाच पितळी हातोडा उचलला. "परत विचारतो."

"हरवलं म्हटलं ना."

पहिला घाव करंगळीवर आणि तिच्या शेजारच्या बोटावर बसला. मी टेबलावर उडालो. नेवेना ओरडली नाही, तोंडाने श्वास ओढत राहिली. दुसरा घाव मधल्या बोटावर. त्याच बोटांनी तिने माझ्यात केसाएवढी स्प्रिंग बसवली होती. तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा ती त्याच्या तोंडावर थुंकली. त्याने तिला केसांना धरून कपाटावर आपटलं. काचा फुटल्या, भिंतीवरची घड्याळं खाली आली, मीही पडलो. त्याची टाच माझ्यावर आली तेव्हा माझ्या बॅलन्सचा, म्हणजे आत डोलणाऱ्या चाकाचा, दांडा मोडला. कारखान्यातला हातोडा जे करू शकला नाही ते त्या टाचेने केलं.

तेवढ्यात ओर्लिन आत आला. बसची फेरी अर्ध्यात सोडून, नेवेनाची माफी मागायला, हातात तिला खायला आणलेल्या बनित्साचा पुडा घेऊन. त्याने पुडा टाकला आणि लंबकाच्या घड्याळाचं लोखंडी वजन उचललं. पहिल्याच तडाख्यात प्लामेनचा जबडा तुटला. तो खाली पडला तरी ओर्लिन थांबेना. बरगड्या, खांदा, पुन्हा बरगड्या. मग त्याने वजन दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेलं.

"बस कर," नेवेना जमिनीवरून म्हणाली. तिचं अर्धं तोंड रक्ताने भरलं होतं.

"याने म्हाताऱ्याला असंच मारलं असेल."

"हो, असंच. आणि आता तू त्याच्यासारखाच उभा आहेस. तो मेला तर कबूल कोण करणार? झोर्नित्साला मी काय सांगू? वजन खाली ठेव, पोरा."

ओर्लिनने वजन हळूच, काच ठेवावी तसं, खाली ठेवलं आणि रडत बसला.

पुढचं कोर्टात झालं. माझ्या आट्यांमधली भुकटी कप्तानाचं रक्त निघाली. प्लामेनला जन्मठेप झाली. तो अजूनही पातळ तेवढंच खातो, असं म्हणतात. ओर्लिनलाही मारहाणीबद्दल शिक्षा झाली, पण घरी राहण्याची. नेवेनाची तीन बोटं वाकत नाहीत.

खटला संपल्यावर झोर्नित्सा मला घेऊन दुकानात आली. तिने विचारलं, "यात बाबांचं म्हणून काय उरलंय?"

"मशीन, काटे, अंग. तबकडी त्या माणसाची आहे."

"काढून टाका."

नेवेनाने डाव्या हाताने, तासभर खटपट करून, ती काळी तबकडी काढली आणि शेगडीत टाकली.

"चालू करायचं असेल तर दुसऱ्या घड्याळजीकडे ने. माझ्याच्याने आता होणार नाही," ती म्हणाली.

"राहू दे मावशी. कोणी हात नाही लावायचा."

तेव्हापासून मी झोर्नित्साच्या कपाटात आहे. मला चेहरा नाही. काट्यांखाली उघडं पितळ आणि थांबलेली चाकं दिसतात. ती कधी कधी मला काढून मनगटाला लावून बघते. मी तिला फार मोठा होतो. मग परत ठेवते आणि कपाटाला कुलूप लावते.

जुनी घड्याळं घेणाऱ्यांनो, तुम्ही भिंगं लावता, कडा बघता, आकडे जुळवता, ते सगळं करा. पण मला एकदा नीट लक्षात ठेवा. चेहरा नसलेलं, पाठीवर घासलेलं, मशीनचा दांडा मोडलेलं. असं घड्याळ कधी विकायला दिसलं तर किंमत विचारू नका, आधी पोलिसांना फोन करा. झोर्नित्सा मला विकणार नाही. मी बाजारात आलो, याचा अर्थ कुणीतरी तिच्या दारातून आत शिरलं आहे.