पात्याकडे न पाहणारी

पणजोबा सुऱ्या घडवत, आजोबा त्यांना धार लावत आणि वडील त्या विकत. तीन पिढ्यांचे हे दुकान धाकटीच्या हाती आले, तेव्हा घराण्याची एक खोडही सोबत आली: पाते दिसले की नजर आधी तिकडेच जायची.

याच खोडीपायी एकदा वडिलांच्या जिवावर बेतले होते. एक माथेफिरू दुकानात सुरी उपसून उभा राहिला, आणि हे मागे सरायचे सोडून तिची धार जोखत राहिले. शेजारच्या औषधांच्या दुकानातल्या मावशींनी कॉलर धरून मागे खेचले, म्हणून शर्टावरच निभावले. त्या शर्टाचे तुटलेले बटण मावशींनी गल्ल्यात जपले होते. "तुझा बाप मला एक हिसका देणं लागतो," असे त्या धाकटीला उठता-बसता ऐकवत.

त्यानंतर वडिलांनी लेकीला धडे दिले. हातात लाकडी पट्टी घेऊन ते दारातून धावत येत. तिने हात उचलण्याआधीच पट्टी पोटाला टेकलेली असे.

"बघितलंस? हात कामाला येत नाहीत, अंतर येतं. मागे सर, मध्ये काहीतरी आडवं घाल. आणि पातं बघायचं नाही, पाय बघायचे. माणूस आधी पायानं निघतो."

एका दुपारी शेजारून मावशींचा आवाज चढला. धाकटी मागच्या दाराने आत शिरली. अरुंद काउंटरपलीकडे सुरी घेतलेला माणूस उभा होता, आणि मावशी पुढे वाकून त्याच्यावर बोट नाचवत होत्या.

"चिठ्ठीशिवाय ते औषध मिळायचं नाही. कितीदा सांगू रे?"

त्याचा हात सहज पोचला असता. पाते डोळ्यांच्या कडेला लखलखले; धाकटीने नजर त्याच्या बुटांवर रोवली. टाच उचलली गेली. त्याच क्षणी तिने मावशींच्या कोटाची कॉलर धरून त्यांना मागे खेचले, खोक्यांची ढकलगाडी मध्ये लोटली आणि त्यांना घेऊन आतल्या खोलीत शिरून कडी घातली. सुरी रिकाम्या काउंटरवरून फिरली.

"अगं, मी समजावत होते त्याला," मावशी धापा टाकत म्हणाल्या.

"पुढच्या वेळी रस्त्यापलीकडून समजवा."

फोन केल्यावर पोलीस आले. तो कोपऱ्यावरच सापडला. हवालदाराने विचारले, "सुरी कशी होती?"

"पाहिली नाही."

"सुऱ्यांचं दुकान तुमचंच ना?"

"हो. म्हणूनच पाहिली नाही."

गलका ऐकून आलेल्या आणि भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या वडिलांनी हे ऐकले आणि त्यांची मान ताठ झाली. मावशींनी गल्ल्यातून ते जुने बटण काढले, आपल्या कोटाच्या तुटक्या दोऱ्याशी धरून पाहिले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले.

"घे. तुझ्या लेकीनं हिसका पोचता केला. बटणही तोडलंन माझं."

"म्हणजे फिटलं?"

"पुरतं फिटलं," मावशी म्हणाल्या आणि सुई शोधायला निघाल्या.