पहिल्या ट्रॅकच्या अलीकडे

बाबांच्या सीडी प्लेयरने अखेर मान टाकली. सीडी आत घ्यायचा, खरखरायचा आणि परत बाहेर ढकलायचा. "काळजी करू नका, सगळ्या सीड्या कॉम्प्युटरवर घेते, जशाच्या तशा," असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं.

घाईघाईत उरकणाऱ्यांतली मी नव्हे. प्रत्येक सीडी पुसली. माझा प्रोग्रॅम एकेक तुकडा दोनदा वाचायचा आणि दोन्ही वेळा तेच आलं तरच पुढे सरकायचा. नवरा म्हणाला, "गाणी घेतेयस की परीक्षेचे पेपर तपासतेयस?" मी त्याला चहा करायला पिटाळलं.

आईची सीडी मुद्दाम शेवटी ठेवली होती. आई व्हायोलिन वाजवायची. तिची ही एकुलती एक सीडी, आणि आपल्या नोकरीच्या स्टुडिओत तिचं रेकॉर्डिंग करणारे बाबाच. आई गेल्यापासून ते रोज सकाळी कानाला हेडफोन लावून ती ऐकायला बसायचे आणि लगेच मागे नेण्याचं बटण दाबून धरायचे. सुरुवातीलाच मागे कुठे नेणार? म्हाताऱ्याचं बटण चुकतं, असं आम्ही धरून चाललो होतो. हसायचोही.

मी स्पीकर लावला. पहिला ट्रॅक सुरू झाला, अगदी स्वच्छ. बाबांचा चेहरा उतरला.

"छान झालंय गं. पण ती नाही आली."

"अहो बाबा, एक सूर इकडचा तिकडे झालेला नाही! आईच वाजवतेय ना?" माझा आवाज चढलाच.

"वाजवतेय. बोलत नाहीये." ते जरा लाजले. "पहिल्या ट्रॅकच्या अलीकडे थोडी जागा असते. तिथे तिचं एक वाक्य ठेवलं होतं मी, स्टुडिओच्या मालकाला न सांगता. मागे नेलं तरच ऐकू यायचं."

तिचं बोलणं दुसरीकडे कुठेच नव्हतं. माझ्या कॉम्प्युटरला ती जागा काही केल्या वाचता येईना. शेवटी नवऱ्याने माळ्यावरून त्याचा जुना लॅपटॉप काढला, आणि त्या डबड्याने ती वाचली.

आधी खुर्ची करकरली. मग आई, लाडिक वैतागाने:

"अहो, इकडे बघू नका हो. माझं चुकतं मग."

स्पीकरकडे टक लावून बसलेल्या बाबांनी चटकन तोंड खिडकीकडे फिरवलं.