गेस्ट की व्हिजिटर

घाटनांदूरला तहसीलदारांचा दौरा आला की आधी कोंबड्या लपायच्या, मग माणसं. निजामाचं राज्य होतं. शिपाई बोट दाखवायचा आणि कोंबडी जायची. दाम मागायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

भिवराबाईच्या कोंबड्या परसाच्या कुंपणात दडल्या, पण कोंबडा एकच होता. एकट्या बाईचं मीठमिरची पिलं विकून चालायचं. कोंबडा गेला तर पिलं कुठली? म्हणून तिनं त्याला डाल्याखाली घातलं. कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही म्हणतात. हे मेलं भर दुपारी, साहेबांचं घोडं अंगणाशी येताच आरवलं.

साहेब उतरले. सोबत गावातलेच अर्जुनराव होते, औरंगाबादेत इंग्रजी शिकलेले आणि ते कुणाला विसरू न देणारे. ते ऐटीत म्हणाले, "भिवराकाकू, साहेब आज तुमचे गेस्ट हायेत."

"गेस्ट नहीं, व्हिजिटर," साहेब गुरकावले. "गेस्ट बुलाने पर आता है. मैं सरकारी काम से आया हूँ."

चारचौघांत चूक निघालेली अर्जुनरावांना फार लागली. त्यांनी वाद घातला. साहेबांनाही इंग्रजीची खाज होतीच. दोघं बाजेवर बसून त्या दोन शब्दांचा कीस काढू लागले. तिकडं शिपाई डाल्यापाशी पोचला.

भिवराबाई पदर सावरून पुढं आली. "साहेब, म्या अडाणी. आमच्यात दोघंबी पाव्हणेच. पर ह्यांच्यात जेवतो कोन?"

"गेस्ट."

"मंग व्हिजिटर काय करतो?"

"मिलता है, देखता है, चला जाता है."

शिपायाचा हात डाल्यावरच राहिला. आपण काय बोललो ते साहेबांना जरा उशिरा कळलं. ते खाकरले. "अच्छा, आज गेस्ट ही समझो."

अर्जुनरावांचा चेहरा खुलला. भिवराबाई आत गेली आणि शेवयांचं ताट घेऊन आली. वर गूळ, दूध, तुपाची धार.

"मुर्गा?" साहेबांनी विचारलं.

"पाव्हणा पयल्यांदा उंबऱ्याला आला की गोडच वाढायचं आसतंय," ती म्हणाली. "तिखट वाढलं तर आमाला गाव नावं ठेवील."

"रिवाज हाय, साहेब," अर्जुनरावांनी लगेच री ओढली.

मग तिनं असा आग्रह केला की साहेबांना पट्टा सैल करावा लागला. सणासाठी राखलेल्या सगळ्या शेवया संपल्या. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, एवढं शिपायालाही कळत होतं. तो डाल्यापासून दूर झाला.

घोड्यावर बसताना साहेब हसले. "हम फिर आएँगे. दूसरी बार तो मीठा नहीं?"

"न्हाई जी. दुसऱ्यांदा आला त्यो पाव्हणा कशाचा, घरचाच. घरच्यापुढं आमी ठेचा-भाकरच ठिवतो."

साहेबांनी घोड्याला टाच मारली.

ते दिसेनासे झाल्यावर भिवराबाईनं डालं उचललं, कोंबड्याला सणसणीत शिव्या घातल्या आणि त्याला पोटाशी धरून घळाघळा रडली.