दिवसा खांब बंद असतो

"दिवसा खांब बंद असतो" हे पप्पांचं वाक्य आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये सगळ्यांना पाठ होतं. विदर्भातून दिल्लीला आलेली आमची पंधरावीस घरं. भीमजयंतीच्या आदल्या दुपारी रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना निळे झेंडे आणि विजेच्या माळा बांधायच्या, ही पप्पांनी लावलेली रीत. त्या दिव्यांच्या लाइनीत वीज संध्याकाळी येते आणि पहाटे जाते. दुपारी खांब म्हणजे नुसतं लोखंड.

गेल्या हिवाळ्यात पालिकेने खांबांवर वाय-फायच्या पेट्या बसवायला एका इंटरनेट कंपनीशी करार केला. खांब पालिकेचे, पेट्या कंपनीच्या. इंटरनेट बंद पडून चालत नाही, म्हणून पेटीला वेगळी केबल आणि दिवसरात्र वीज. पेट्यांवर कंपनीचं नाव ठळक होतं. खांबात आता दुपारीही वीज असते, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

यंदा त्याच दुपारी माझा धाकटा भाऊ सिद्धांत लोखंडी शिडी लावून चढला. शिडीचे पाय नुकतंच पाणी दिलेल्या वाफ्यात होते.

"ताई, माळ दे ना यार, ऊन लागतंय."

"झेंडा सरळ बांध आधी. मागच्या वर्षी अख्ख्या कॉलनीने नावं ठेवली."

हसत त्याने तोल सावरायला खांब धरला आणि त्याचा हात सुटलाच नाही.

पालिकेने पहिल्या टिपणात लिहिलं, 'सजावटीसाठी विनापरवाना वीज घेताना मृत्यू.' माळेचा प्लग तेव्हा माझ्या हातात होता, कुठेच लावलेला नव्हता. पप्पांनी ते टिपण वाचून त्याची घडी केली. "लुंबिनी," ते म्हणाले, "पोरगा चोर नव्हता, एवढं त्यांच्याकडून लिहून घे. दुसरं काही नको."

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधला मीटर खांबाला लावला होता. खांब आणि जमीन यांच्यात एकशे चौऱ्याण्णव व्होल्ट. त्याचा फोटो काढून ठेवला.

संयुक्त पाहणीला पालिकेचे साहेब आणि कंपनीचा इंजिनिअर आले. खांबाच्या पायथ्याला अर्थिंगची तांब्याची नवी पट्टी जमिनीत गेलेली दिसत होती, नाण्यासारखी चकचकीत. इंजिनिअरने आपला मीटर लावला.

"देखिए, शून्य."

"ही पट्टी परवापर्यंत नव्हती," मी म्हणाले, मग तेच हिंदीत सांगितलं आणि फोटो दाखवला.

"मैडम, आपने साइंस पढ़ी है," तो नम्रपणे म्हणाला. "बिना लोड के डिजिटल मीटर कुछ भी दिखा देता है. बल्ब लगाकर देखा था?"

नव्हता लावला. मीटर फसू शकतो, बल्ब खऱ्या विजेशिवाय पेटत नाही; त्याची शंका बरोबर होती. मी परीक्षक असते तर हेच विचारलं असतं.

साहेबांनी पप्पांकडे पाहिलं. "अंबादासजी, लड़के को चढ़ने को किसने कहा था?"

"मैंने," पप्पा म्हणाले. "मैंने ही सिखाया था, दिन में चढ़ो."

"पप्पा, थांबा ना!"

साहेब लिहीत होते. लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं: कुटुंबाच्या सांगण्यावरून, विनापरवाना. पप्पांनी होकारार्थी मान हलवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नियम माझाच होता ना गं."

मी धावत घरी गेले. बुद्धांच्या फोटोसमोरचा लहान बल्ब होल्डरसकट काढला, त्याला दोन लांब वायरी जोडल्या, रबरी हातमोजे आणि एक लोखंडी सळई घेतली. परत आले तेव्हा मंडळी गाडीकडे निघाली होती. पुढच्या खांबावरही तशीच पेटी होती, पण पायथ्याला पट्टी नव्हती. वाफ्यातल्या ओल्या मातीत सळई ठोकली, एक वायर तिला बांधली आणि दुसरीचं टोक खांबाच्या गंज खरवडलेल्या जागी टेकवलं.

भर उन्हात बल्ब लागला.

"सर! इधर देखिए!"

इंजिनिअरने पाहिलं आणि नजर खाली वळवली. साहेबांनीही पाहिलं. "यह खंभा आज की कार्रवाई में नहीं है," ते म्हणाले. "अलग से अर्ज़ी दीजिए." गाडीचं दार लागलं.

पप्पा चालत माझ्यापर्यंत आले. बल्बवर हाताची सावली धरून पाहिलं.

"आत्ता? दुपारी?"

"हो, पप्पा."

"म्हणजे त्याने काहीच चोरलं नव्हतं."

"नाही."

"आणि मी सांगितलं तसंच वागला."

मी वायर बाजूला घेतली. बल्ब विझला. पप्पा घरात गेले. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. पण ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले आणि खांबापासून हातभर दूर मांडून बसले. शाळा सुटली होती. शेजारची रेवती दप्तर पाठीला लावून खांबाला टेकायला आली, तसे ते केवढ्याने तरी ओरडले. मुलगी घाबरून रडायला लागली.

"दिवसापण हात लावायचा नाही," पप्पा तिला म्हणाले. "आधी मी चुकीचं सांगितलं होतं. घरी सगळ्यांना सांग."

ती दिल्लीतच वाढलेली, तिला मराठी नीट कळत नाही. त्यांनी तेच पुन्हा हिंदीत सांगितलं.