तिसरीतलं कपाट

शाळेच्या शिपायाला सगळे तारकाका म्हणत, कारण त्यांच्या डाव्या खिशात कायम तारेचं भेंडोळं असे आणि उजव्यात पक्कड. खुर्चीचा पाय, नळाची तोटी, खिडकीचं दार, बाईंच्या चष्म्याची काडी, काही मोडलं की तारकाका हजर. त्यांची बायको म्हणे, घरातला नळ आठ महिने गळतोय, त्याला शाळेत दाखल करून टाकते, म्हणजे लगेच दुरुस्त होईल.

तर या तारकाकांना मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एके दिवशी समोर बसवून सक्त ताकीद दिली की पुढचे तीन आठवडे कशालाही हात लावायचा नाही. नगरपालिकेनं शाळांच्या इमारतींसाठी निधी काढला होता आणि तो गुणांवर मिळणार होता. जिथं पडझड जास्त तिथं गुण जास्त. चाळीसच्या पुढे गेलेल्या शाळांची नावं यादीत, बाकीच्यांनी पाच वर्षांनी पुन्हा अर्ज करायचा. म्हणजे जन्मभर नीटनेटकेपणाचे धडे देणाऱ्या बाईंवर आता शाळा गबाळी दिसावी म्हणून झटायची वेळ आली होती. तारकाकांनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

पाहणीच्या दिवशी इंजिनियर मॅडम आल्या. वयानं लहान, बोलणं मोजकं, हातात फाईल आणि मापाची टेप. मोठ्या बाई त्यांना गळक्या नळापाशी घेऊन गेल्या, तर नळ कोरडा ठणठणीत. न लागणारी कडी दाखवायला गेल्या, ती अलगद लागली. डगमगणारा जिना जागचा हलेना. बाईंनी वळून तारकाकांकडे असं पाहिलं की ते एकदम भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले. सवय हो, दुसरं काय. सकाळी लवकर आलं की हात आपोआप चालत.

पण खरी गोष्ट बाईंना माहीत नव्हती. ती फक्त तारकाकांना माहीत होती आणि गेली सहा वर्षं ते मूग गिळून बसले होते.

सहा वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गातली छताची तुळई भिंतीजवळ वाळवीनं पोखरलेली त्यांना दिसली. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी नगरपालिकेला तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, निधी येताच विचार करू. पुढे त्यांची बदली झाली. मग तारकाकांनी लोखंडी पाइप आणला, खाली विटांवर ट्रकचा जुना जॅक बसवला आणि तुळईला टेकू दिला. मुलं त्यावर धडकायला लागली, म्हणून भोवती फळ्या ठोकल्या. नुसत्या फळ्या वाईट दिसतात म्हणून दोन दारं लावली, वर पॉलिश केलं. झालं छताला भिडलेलं देखणं कपाट! सगळ्यांनी इतकं कौतुक केलं, की हे कपाट नाही असं सांगायची हिंमतच उरली नाही. किल्ली हरवली म्हणून सांगितलं आणि विषय मिटवला. तिसरीच्या बाई तेव्हापासून नकाशांच्या गुंडाळ्या टेबलाखाली पायाशी ठेवून शिकवत होत्या.

रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तारकाका ते दार उघडून टेकू तपासत आणि महिन्यातून एकदा जॅक पाव फेरा आवळत. या वर्षी पावाचा अख्खा फेरा झाला होता. जॅकचे आटे आता जेमतेम दोन बोटं उरले होते. त्यांना भीती वाटायची आणि ती कुणाला सांगायची लाजही वाटायची.

फिरत फिरत मंडळी तिसरीत आली. मुलं उभी राहिली, बसली. मॅडमनी कपाटावर हात फिरवून छान काम आहे म्हटलं. तिसरीच्या बाई तेवढ्यात म्हणाल्या, छान असून काय उपयोग, किल्लीचा पत्ता नाही. मॅडमनी बेरीज केली. एकतीस. सॉरी म्हणाल्या आणि फाईल मिटली. मोठ्या बाईंचा चेहरा पडला.

तारकाका त्या दोन बोटांचा हिशेब करत होते. पाच वर्षं काही त्यात बसेनात. त्यांनी आतल्या खिशात हात घातला.

"किल्ली सापडली," ते म्हणाले.

दार उघडलं. पाइप, जॅक, विटा आणि खाली लाकडाच्या पिठाचा ढीग. मॅडमनी वाकून पाहिलं, मग वर पाहिलं, आणि अगदी शांत आवाजात मुलांना दप्तरं घेऊन बाहेर जायला सांगितलं. शेवटचं मूल बाहेर पडेपर्यंत त्यांचा एक हात पाइपवर होता.

"कुणी केलं हे?"

"मी." तारकाका पुढे आले. "नोकरी जाणार असेल तर जाऊ दे मॅडम, पण छत बघा."

"काम चोख आहे," मॅडम म्हणाल्या. "पण हे तुमचं काम नव्हतं, काका. आमचं होतं." मग त्यांनी फाईल उघडली आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. बेरीज अठ्ठावन्न झाली.

मोठ्या बाईंनी नोकरी घेतली नाही, किल्ली घेतली. आठवडाभर त्या तारकाकांशी बोलल्या नाहीत. तिसरीचा वर्ग त्यांनी आपल्या ऑफिसात भरवला आणि स्वतः वर्षभर व्हरांड्यात टेबल टाकून बसल्या. येताजाता त्यांना तिथं बघून तारकाकांना मेल्याहून मेल्यासारखं होई. नगरपालिकेच्या सभेत निधी मंजूर झाला, तेव्हा ज्यांनी सहा वर्षांत एकदाही शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांनीच श्रेयासाठी सर्वांत लांब भाषणं ठोकली. ठोकू देत. खोल्या झाल्या.

नव्या तिसरीत भिंतीला लागून नवं कपाट होतं. तिसरीच्या बाई नकाशांच्या गुंडाळ्या छातीशी धरून उभ्या. मोठ्या बाईंनी किल्ली तारकाकांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही उघडा."

तारकाकांनी दार उघडलं. आत फळ्या होत्या. नुसत्या फळ्या. त्यांनी दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा आत पाहिलं. डोळे भरून आले तेव्हा त्यांनी ते पुसलेही नाहीत.

दार लावताना मात्र कडी किंचित अडकली. त्यांचा हात आपोआप पकडीकडे गेला. मोठ्या बाई बघतच होत्या.

"आधी अर्ज," त्या म्हणाल्या.

तारकाकांनी पक्कड खिशात सोडली आणि तिसरीच्या बाईंकडे कागद मागितला.